दोन माणसांची विहीर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पारवे बोलत असत आणि माणसं मात्र बरीचशी गप्प असत.

एका उजाड पठारावर तीन मित्र राहत होते. तिघेही विहिरी खणायचे. आईबापांनी त्यांची चांगली नावं ठेवली होती, पण ती कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. जो विहिरीत उतरून खणायचा, त्याला लोक खालचा म्हणत. जो काठावर पाय रोवून दोर धरायचा, तो दोरवाला. आणि खालून आलेली माती जो टोपलीतून लांब नेऊन टाकायचा, तो टोपलीवाला. हा टोपलीवाला अंगाने चांगलाच भरलेला होता. "हा जेवतो दोघांचं आणि काम करतो एकाचं," असं दोरवाला म्हणे. टोपलीवाला त्यावर हसायचा आणि आणखी एक भाकरी घ्यायचा.

तिघांची दोस्ती मोठी घट्ट. टोपलीवाल्याचं छप्पर वाऱ्याने उडालं, तेव्हा वारा पडायच्या आत दोघे वासे घेऊन हजर झाले. दोरवाल्याची आई गेली, तेव्हा खालच्याने लाकडं फोडली, तिरडी बांधली आणि दिवसकार्य होईपर्यंत तो त्याच्या ओसरीवर बसून राहिला. बोलला मात्र चकार शब्द नाही. अशा वेळी काय बोलायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर दोरवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

याला कारण त्यांचा धंदा. विहिरी खणणाऱ्यांची एक रीत होती. माणूस खाली असताना कुणी बोलायचं नाही. वरून नाही, खालून नाही. पाणी फार लाजाळू असतं, माणसाचा आवाज कानी पडला की ते वाट बदलून निघून जातं, असं त्यांना त्यांच्या वस्तादाने सांगितलं होतं. वस्तादाला त्याच्या वस्तादाने. खरं-खोटं करून कुणी पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमत कोण करणार?

म्हणून सगळं बोलणं दोराने. एक हिसका म्हणजे टोपली वर घ्या. दोन म्हणजे काहीतरी हवंय, खाली सोडा. तीन म्हणजे मला वर ओढा. एवढ्यात त्यांचं भागायचं. इतकी वर्षं भागलं, की वर आल्यावरही ते तेवढंच बोलू लागले.

"जेवायचं?"

"हं."

"उद्या इथेच?"

"हं."

झालं. याला ते गप्पा म्हणत.

एकदा या तिघांना एका गावाने बोलावून घेतलं. त्या गावच्या विहिरी आटल्या होत्या. बायका टेकडीपलीकडून पाणी आणत होत्या, गुरं हाडकुळी झाली होती. गावाचा कारभार एक म्हातारी पाहायची. तिची जीभ तिखट होती आणि हातात काठी असायची. काठी ती चालायला कमी आणि दाखवायला जास्त वापरायची.

"उन्हाळा भरायच्या आत पाणी लागलं तर हे गाव राहील," ती म्हणाली. "नाही लागलं तर आम्ही गाड्या भरून निघू. मग मागे राहतील चार कुत्री आणि तुमचा खड्डा."

घाई होती, म्हणून मित्रांनी विहीर अरुंदच धरली. एक माणूस कसाबसा वाकून कुदळ मारू शकेल, एवढीच. अरुंद विहीर लवकर खोल जाते, हा त्यांचा हिशोब. माती सरली, मुरूम लागला, आणि भिंतीतल्या एका खोबणीत एका पारव्याने संसारही मांडला.

आणि एके दिवशी खालच्याला काहीतरी झालं.

काय झालं, ते मी तुम्हाला सांगितलं असतं, पण त्याचं त्यालाच समजलं नाही. तो खाली उकिडवा बसून खणत होता. घाम पुसायला त्याने मान वर केली. वर आकाश होतं, नेहमीसारखंच, तव्याएवढं गोल. ते त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. पण त्या दिवशी त्याला वाटलं, हा तवा लहान होत चाललाय. छातीत धडधड सुरू झाली. श्वास आत जाईना. हातातली कुदळ गळाली.

ना साप निघाला होता, ना दगड सुटला होता. काहीच झालं नव्हतं.

त्याने घाबरून दोर धरला. पण हिसका कितीचा द्यायचा? एकाचा अर्थ टोपली. दोनाचा अर्थ अवजार. 'मला भीती वाटते' असा हिसका त्याच्या वस्तादाने शिकवलाच नव्हता.

त्याने एक हिसका दिला. वरच्यांनी टोपली ओढली, तर ती रिकामी. त्याने दोन दिले. वरून पहार आली. पहार त्याच्यापाशी होतीच. त्याने पुन्हा दोन दिले. वरून पाण्याचा गडू आला. शेवटी त्याने तीन हिसके दिले आणि तो वर आला.

"काय रे?" दोरवाल्याने विचारलं.

"काही नाही."

"मग वर का आलास?"

"तहान लागली होती."

"अरे, पाणी तर आत्ताच खाली सोडलं!"

खालचा अंगावरची माती झटकू लागला. दोरवाल्याने टोपलीवाल्याकडे पाहिलं. टोपलीवाल्याने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. मग तिघेही उगाचच आकाशाकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. काठावर असेपर्यंत खालचा धडधाकट, आणि खाली टेकला की त्याच्या हातापायांतलं बळ जाई. कसंबसं खणायचं, रिकाम्या टोपल्या पाठवायच्या, काहीतरी निमित्त काढून वर यायचं. त्याला स्वतःचाच राग येई. 'बाप विहिरीत उतरला, आजा उतरला,' तो मनात म्हणे, 'आणि मला हे काय थेर सुचतंय?' पण रागावल्याने धडधड थांबत नव्हती. आणि मित्रांना सांगावं तर ते काय म्हणतील? खाली उतरायला घाबरतो, तो कसला खालचा? ते दुसरा खालचा शोधतील. मग याला ना नाव राहील, ना मित्र.

शेवटी त्याने सांगितलं, पण कुणाला? पारव्याला! खोबणीत बसलेल्या पारव्याला त्याने अगदी हळू आवाजात, पाण्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, सगळं सांगून टाकलं.

पारव्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "पण मला सांगून काय उपयोग, बाबा? दोर माझ्या हातात नाही."

"त्यांना कसं सांगू?"

"ते मला काय ठाऊक? मला भीती वाटली तर मी उडतो," पारवा म्हणाला आणि उडून गेला.

इकडे काठावरचे दोघे कमी गोंधळात नव्हते. आपल्या मित्राला काहीतरी होतंय, हे त्यांना कळत होतं. काय होतंय, ते कळत नव्हतं. आणि सरळ विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. माणसं किती साध्या गोष्टीला अडतात पाहा!

टोपलीवाल्याला वाटलं, याला नीट खायला मिळत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्या वाटची भाकरी दुसऱ्याच्या पुढे सरकवली. वर ठेचा दिला, वर कांदा फोडून दिला. खालच्याने भाकरीकडे पाहिलं आणि ती तशीच ठेवली. मग मात्र टोपलीवाला खरोखर हादरला.

दोरवाल्याचं दुखणं वेगळंच. त्याला वाटलं, याचा माझ्या दोरावरचा भरवसा उडालाय. हे मनाला फार लागलं त्याच्या. आजवर त्या दोराने कुणाला दगा दिला नव्हता. त्याने कुणाला काही न सांगता अंबाडी आणली, भिजवली, बडवली आणि तळहात सोलून निघेपर्यंत वळून नवा दोर केला.

"हा घे," तो खालच्याला म्हणाला. "हत्ती लटकला तरी तुटायचा नाही."

खालच्याने मित्राचे सोललेले हात पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोर चांगला आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय?"

"काही नाही," दोरवाला म्हणाला.

"हं," खालचा म्हणाला, आणि नव्या दोराने खाली उतरला.

योगायोग असा, की त्याच दिवशी खालून आलेल्या एका टोपलीत मुरूम ओलसर निघाला. टोपलीवाल्याने तो मुठीत दाबून पाहिला आणि म्हातारीला नुसता हात करून बोलावलं. वणवा लागावा तशी बातमी पसरली. सारा गाव काठाभोवती जमला. म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं आणि काठी उगारली. आता कुणी शिंकायचंही नाही! पाणी जवळ आलंय. आवाज झाला तर गेलंच म्हणून समजा.

सगळे दोराकडे पाहत उभे राहिले. आता हिसका येईल, मग येईल.

हिसका आला नाही.

दोर नुसता लोंबत होता. दोरवाल्याने तो जरासा ताणून पाहिला. खालून उत्तर नाही. टोपलीवाला वाकून पाहू लागला, पण आत अंधार होता. इतक्या वर्षांत दोर असा मुका कधी झाला नव्हता. काय करायचं असतं अशा वेळी? वस्तादाने एकाचा अर्थ सांगितला होता, दोनाचा, तिनाचा. काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ काय, ते कुठे सांगितलं होतं?

त्याने म्हातारीकडे पाहिलं. तिची काठी वरच होती. त्याने गावाकडे पाहिलं, सुकलेल्या ओठांच्या बायकांकडे पाहिलं. मग तो काठावर पालथा झोपला, विहिरीत डोकं घातलं आणि ओरडला,

"अरे, काय होतंय तुला?"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. कुणीतरी "गेलं पाणी!" म्हणून कपाळ बडवलं.

मग खालून एक आवाज आला. इतक्या वर्षांत कुणी विहिरीच्या तळातून माणसाचा आवाज ऐकला नव्हता.

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे ठाऊक नाही. हात उचलत नाहीत. श्वास पुरत नाही. भीती वाटते."

"कशाची? दोराची?"

"नाही रे. दोर चांगला आहे."

"उपाशी आहे तो," टोपलीवाला मागून म्हणाला.

"तू गप रे!" दोरवाला खेकसला, आणि पुन्हा खाली ओरडला, "साप आहे का?"

"नाही."

"दगड सुटलाय?"

"नाही."

"मग भीती कशाची?"

"तेच तर कळत नाही! कळलं असतं तर ते तेवढं बाजूला सारून कामाला लागलो नसतो का?"

दोरवाला अडला. कसलीही गाठ सोडवणारा माणूस तो, पण या गाठीचं टोकच त्याला सापडेना. त्याने डोकं खाजवलं. बराच वेळ विचार केला. शेवटी काहीच सुचलं नाही, तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं.

"मलाही कळत नाही!"

"काय?"

"म्हटलं, तुला काय सांगावं, ते मलाही कळत नाही! पण मी इथेच आहे. हा टोपल्याही इथेच आहे. तू कमरेला दोर बांध. नाही बांधता आला तर सांग, मी उतरतो."

खालून हसू ऐकू आलं. रडवेलं होतं, पण हसूच होतं.

"बरं झालं," खालचा म्हणाला. "मला वाटलं, मला एकट्यालाच कळत नाही."

हळूहळू त्याने कमरेला दोर बांधला. दोघांनी त्याला वर ओढलं. तो काठावर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून, गावादेखत, सगळं सांगत सुटला. धडधड सांगितली, तव्याएवढं आकाश सांगितलं, रिकाम्या टोपल्या सांगितल्या. 'तुम्ही दुसरा खालचा शोधाल, असं वाटलं,' हेही सांगितलं. आणि पारव्याला सांगून पाहिलं होतं, हेसुद्धा.

"पारव्याला?" दोरवाला उठून उभाच राहिला. "लेका, लहानपणापासून एका ताटात जेवतोय आपण. आणि तू पारव्याला सांगितलंस, मला नाही?"

"तू तरी कुठे विचारलंस?" खालचा म्हणाला.

दोरवाला मटकन खाली बसला. टोपलीवाल्याने दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवला.

"झालं का तुमचं?" म्हातारी काठी आपटत पुढे आली. "पाणी तर पळवलंत. आता पुढे काय? खाली उतरणार कोण?"

तिने गावातल्या तरण्याबांड पोरांकडे पाहिलं. एकेकाने आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायला सुरुवात केली. कुणाला अचानक गुरांची आठवण झाली.

तेव्हा खालचा डोळे पुसून म्हणाला, "उतरतो मीच. पण आजी, आता एकटा नाही उतरणार."

"मी येतो," टोपलीवाला म्हणाला.

सगळ्यांनी आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं. मग विहिरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि हा मावायचा कसा?" म्हातारीने विचारलं.

"विहीर रुंद करू," दोरवाला म्हणाला.

म्हातारी भडकली. आडवं खणून कधी पाणी लागतं का, असं तिने सगळ्या गावाला विचारलं. गाड्या भरायला घ्या, असंही म्हणाली. पण दुसरा उतरणारा कुणी नव्हता, त्यामुळे तिचं काही चाललं नाही. टोपलीवाला आत जाणार म्हणून माती टाकायला गावाला यावं लागलं. दोर ओढायलाही आणखी चौघे लागले. आता दोराला टोपलीवाला लटकणार होता ना!

मित्रांनी वरून पुन्हा सुरुवात केली. एका अंगाने कापत, रुंदी वाढवत ते खाली निघाले. रीत तर मोडलीच होती, मग गप्प कशाला बसायचं? खालून टोपलीवाला मेव्हण्याच्या म्हशीची कथा सांगे, वरून दोरवाला त्यातल्या थापा काढी. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं ते बोलून घेत होते.

आता तुम्ही विचाराल, खालच्याची भीती गेली का? नाही गेली. जसजसे ते खोल गेले, तसतशी ती पुन्हा यायला लागली. कशाची, ते अजूनही त्याला कळत नव्हतं. पण आता ती आली की तो कुदळ ठेवून सांगे, "आली रे."

"येऊ दे," टोपलीवाला म्हणे. "बसू दे तिला घटकाभर. आपणही बसू."

मग दोघे पाठीला पाठ लावून बसत. वरून दोरवाला विचारी, "गेली का?" आणि खालचा कधी "गेली" म्हणे, कधी "अजून आहे" म्हणे. असेल तोवर कुणी घाई करत नसे.

असेच एकदा ते बसून उठले. खालचा जुन्या भिंतीकडे खणत होता. टोपलीवाल्याने आपल्या बाजूला, नव्याने कापलेल्या अंगाला, पहार घातली. पहार खडकात न अडकता आत गेली. त्याने ती उपसून काढली, आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर आली.

झरा होता. जिवंत, थंडगार. जुन्या अरुंद विहिरीपासून हातभर अंतरावर, बाजूच्या खडकात. तोच मुरूम ओला करत होता, आणि त्याला चुकवून विहीर सरळ खाली निघाली होती. तशीच खणत राहिली असती, तर पाताळात गेली असती आणि कोरडीच राहिली असती.

"पाणी!" टोपलीवाला जिवाच्या आकांताने ओरडला. "पाणी! पाणी!" त्याच्यामागून खालचा ओरडला, वरून दोरवाला ओरडला, आणि मग सगळा गाव ओरडला. झरा कुठे पळाला नाही. उलट माती सुटत गेली तशी त्याची धार वाढतच गेली.

पहिला गडू म्हातारीच्या हातात दिला. ती डोळे मिटून पाणी प्यायली. मग तिने काठी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली आणि जोर लावून स्वतःच पहिल्या गाडीवरचं सामान खाली उतरवायला लागली.

पुढे त्या तिघांना गावोगावची बोलावणी येऊ लागली. एका गावचा मुखिया घासाघीस करणारा होता. विहिरीची आखणी पाहून तो म्हणाला, "एवढी रुंद कशाला? काम दुप्पट होईल. एक माणूस मावला की पुरे."

दोरवाल्याने दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि तो चालायला लागला.

"अहो, कुठे निघालात?"

"एकच माणूस मावेल, अशा जागी आम्ही आमचा मित्र उतरवत नाही," दोरवाला म्हणाला.

मुखियाने मुकाट्याने आखणी तशीच राहू दिली.

तात्पर्य: मनातलं ओझं दोराने वर येत नाही, ज्याचं आहे त्याने ते मित्राला तोंडाने सांगावं, आणि त्याने नाही सांगितलं तर मित्राने तोंडाने विचारावं.